ऐकणाऱ्या माणसाची खोली

एखादा जुना स्वतंत्र ध्वनिमुद्रण स्टुडिओ बंद झाल्याची बातमी आली, की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू टेपवरच्या भरदार आवाजाची, व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची आणि हाताने फिरवायच्या बटणांची आठवण काढून हळहळते. दुसरी बाजू विचारते, की जे काम पूर्वी खोलीभर यंत्रे करत ते आज एक लॅपटॉप करतो, तर भाडे, वीजबिल आणि दुरुस्ती यांचा भार वाहणारी ती जागा राहिली काय आणि गेली काय? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोन्ही बाजू यंत्राविषयीच बोलतात. माझ्या मते हा वाद चुकीच्या पायावर उभा आहे. वाजवणारे एकत्र बसू शकतील अशी खोली, आणि त्यांचे वाजवणे कान देऊन ऐकणारा पण त्या संगीताचा कर्ता नसलेला माणूस, या दोन गोष्टी जिथे रोज भेटतात त्या जागेला स्टुडिओ म्हणावे. यंत्रे स्वस्त झाल्याने ती जागा निरुपयोगी ठरत नाही, उलट तिचे खरे काम कोणते हे आता कुठे स्पष्ट दिसू लागले आहे. आणि ते काम समाजाच्या उपयोगाचे असेल, तर ती जागा टिकवण्याची जबाबदारी एकट्या मालकाच्या गळ्यात घालून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले बरेचसे मला मान्य आहे, आणि ते हातचे न राखता मान्य करायला हवे. स्टुडिओच्या तासाचे पैसे ज्यांना परवडत नव्हते, त्यांचे संगीत कित्येक दशके मुद्रित झालेच नाही. दार कोणासाठी उघडायचे हे ठरवणारी माणसे मोजकी होती आणि त्यांच्या आवडीनिवडीबरोबर त्यांचे पूर्वग्रहही त्या दाराशी उभे असत. शिवाय घड्याळाचा काटा पुढे सरकत असताना, दर मिनिटाला पैसे जात आहेत हे ठाऊक असताना, नवखा गायक मोकळेपणाने गाऊ शकत नाही, ही तक्रार खोटी नाही. १९८२ साली अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर काही गाणी नमुन्यादाखल मुद्रित केली. नंतर तीच गाणी साथीदारांसह स्टुडिओत करून पाहिल्यावर त्याला ती पटली नाहीत आणि शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. २०१९ मध्ये आलेला अमेरिकन गायिका बिली आयलिशचा पहिला अल्बम मुख्यतः तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीचे प्रमुख पुरस्कार मिळाले. ही उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण याच उदाहरणांकडे जरा थांबून पाहावे. स्प्रिंगस्टीनची ती कॅसेट लाँगप्ले तबकडीवर नीट उतरेना, तेव्हा मास्टरिंग, म्हणजे तबकडीसाठी आवाजाची शेवटची जुळवणी, करणाऱ्या अनुभवी माणसांना तिच्यावर बराच घाम गाळावा लागला. म्हणजे घरातला एकांत खरा होता, तरी तो श्रोत्यापर्यंत पोहोचला तो दुसऱ्यांच्या तयार कानांमधून. आणि झोपायच्या खोलीतल्या त्या अल्बमच्या कथेत सगळे खोलीचेच कौतुक करतात, पण त्या खोलीत दोघेजण होते हे सांगायचे राहून जाते. बहीण गात होती आणि भाऊ ऐकत होता, मुद्रित करत होता, पुन्हा गायला लावत होता. मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे, आणि मास्टरिंग तर आणखी वेगळ्या लोकांनी केले. स्टुडिओची गरज संपली असे सांगण्यासाठी दिले जाणारे हे उदाहरण प्रत्यक्षात एका छोट्या, सुदैवी स्टुडिओचे वर्णन आहे. ज्याच्या घरी असा भाऊ नाही त्याने काय करावे?

घर विरुद्ध स्टुडिओ ही विभागणीच इतिहासाला धरून नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्याला गौहर जानचे गाणे मुद्रित केले, ते हॉटेलातल्या खोल्यांमध्ये तात्पुरती सोय करून. न्यू जर्सीतल्या हॅकन्सॅक गावी रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्मे देत असे आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करत असे. १९५० च्या दशकातले कितीतरी महत्त्वाचे जॅझ त्या दिवाणखान्यात झाले. लंडनमध्ये जो मीकने दुकानावरच्या भाड्याच्या बिऱ्हाडात मुद्रित केलेली एक धून १९६२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने १९५९ साली घेतलेल्या घरात वर बिऱ्हाड आणि खाली मोटाउन या त्याच्या संगीत कंपनीचा स्टुडिओ असा संसार होता. यांतल्या एकाही जागेला कोणी हौशी घरगुती ध्वनिमुद्रण म्हणत नाही. का म्हणत नाही? कारण तिथे रोज नव्याने कोणाचे तरी संगीत ऐकणारा एक माणूस बसलेला होता आणि बाहेरच्या माणसाला त्या दाराशी येण्याची मुभा होती. दिवाणखान्याचा स्टुडिओ होतो तो या दोन गोष्टींमुळे, आणि या दोन गोष्टी गेल्या तर लाखोंची यंत्रसामग्री असलेल्या इमारतीचेही नुसते गोदाम होते.

ऐकणारा माणूस म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका छोट्या खोलीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. सॅम फिलिप्सने १९५० च्या जानेवारीत तिथे स्टुडिओ सुरू केला. पैसे देईल त्याचे तो मुद्रण करत असे, मग ते लग्न असो, अंत्यविधी असो की भाषण. त्या कमाईवर तो त्या शहरातल्या कृष्णवर्णीय संगीतकारांचे संगीत मुद्रित करत होता, आणि त्यांच्यासाठी तेव्हा अशी दारे फारशी उघडी नव्हती. १९५१ मध्ये एका सत्रासाठी येताना वाटेत अॅम्प्लिफायरचा स्पीकर फाटला, तेव्हा त्यात कागद कोंबून काम भागवले गेले आणि त्यातून जो खरखरीत, फाटका आवाज निघाला तो फिलिप्सने दोष म्हणून टाकून न देता तसाच ठेवला, असे सांगितले जाते. १९५३ च्या उन्हाळ्यात एक अठरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या पैशाने स्वतःची तबकडी करून घ्यायला आला. तिथे काम करणाऱ्या मॅरियन केइस्करने त्याचे नाव टिपून ठेवले, बरा गातो, लक्षात ठेवावा अशा अर्थाची नोंद केली. जवळजवळ वर्षभराने, ५ जुलै १९५४ रोजी, दोन वादकांबरोबर त्या मुलाला पुन्हा बसवले गेले. संथ गाणी झाली, पण काही जमेना. मग मधल्या सुट्टीत तो एका जुन्या ब्लूज गाण्याशी उगाच खेळू लागला, वादक त्याच्या मागे आले, आणि आतल्या खोलीतून फिलिप्सने डोके बाहेर काढून विचारले, की हे काय चालले आहे, पुन्हा सुरुवातीपासून करा. एल्व्हिस प्रेस्ली हे नाव जगाला माहीत होण्याची सुरुवात तिथे झाली.

या प्रसंगात यंत्राचा वाटा किती होता? माइक, टेप आणि तबकडी कापायचे यंत्र त्या काळी इतरांकडेही होते. ती गंमत म्हणून चाललेली मस्ती हेच आजचे खरे काम आहे, हे गाणाऱ्याला कळले नव्हते आणि वादकांनाही कळले नव्हते. काचेपलीकडे बसलेल्या माणसाला ते कळले, कारण त्याने आधीची चार वर्षे त्याच खोलीत शेकडो माणसांचे गाणे ऐकण्यात घालवली होती. एकटा माणूस संगणकासमोर बसून गातो, तेव्हा तो गायक असतो आणि परीक्षकही असतो, आणि ही दुसरी भूमिका पहिलीच्या पायात पाय घालते. तो एकच ओळ चाळीस वेळा गातो आणि चाळीसातली बिनचूक निवडतो, कारण स्वतःची चूक स्वतःला लगेच दिसते, मात्र स्वतःचे वेगळेपण सहसा दिसत नाही. तिसऱ्याच वेळी काही निसटून गेले आहे आणि तेच ठेवायला हवे, हे सांगायला दुसरा कान लागतो. मनापासून दाद देणारा, वेळेवर पुरे म्हणणारा आणि क्वचित आज घरी जा, हे आज होणार नाही असे सांगणारा हा माणूस कोणत्याही सॉफ्टवेअरच्या डब्यात मिळत नाही.

खोलीविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तिथे अडचण भौतिकशास्त्राची आहे. पन्नास हर्ट्झच्या खर्जाच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. झोपायच्या खोलीत हा स्वर कोपऱ्यांत साचतो, एका ठिकाणी फुगतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो, आणि भिंतीला स्पंज चिकटवून त्यात फरक पडत नाही. बाहेरचा आवाज आत आणि आतला बाहेर जाऊ नये म्हणून जड भिंती, सुटी तरंगती जमीन, खोलीच्या आत दुसरी खोली असे बांधकाम लागते. या सगळ्याची बतावणी आता सॉफ्टवेअर करू शकते, असा युक्तिवाद होतो. एखाद्या सभागृहाचा निनाद टिपून तो कोरड्या आवाजावर चढवता येतो हे खरेच आहे, आणि ते तंत्र उत्तम आहे. पण तो निनाद नंतर चढतो. वाजवताना वादकाला तो ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचे बोट, त्याचा श्वास, त्याची थांबण्याची जागा त्या निनादाला प्रतिसाद देत नाही. तीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज आपल्यापर्यंत सुमारे नऊ मिलिसेकंदांत पोहोचतो. इंटरनेटवरून एकत्र वाजवताना तो विलंब साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय ओढली जाऊ लागते, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे कान न देता हेडफोनमधल्या क्लिककडे, म्हणजे यंत्राच्या ठोक्याकडे, लक्ष देऊ लागतो. असेही उत्तम संगीत होते, मी ते आवडीने ऐकतोही. परंतु चार माणसांनी एकमेकांना ऐकत केलेले संगीत ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती करण्यासाठी त्यांना एका खोलीत बसावे लागते.

मेम्फिसमध्येच स्टॅक्स या कंपनीने १९६० मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात स्टुडिओ थाटला. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली, आणि त्या तिरक्या जमिनीमुळे तिथल्या आवाजाला एक वेगळाच पोत आला. पुढच्या बाजूला जिथे खाद्यपदार्थ विकले जात तिथे तबकड्यांचे दुकान होते. दुकानात परिसरातली मुले येत, काय घेतात, काय ऐकून परत ठेवतात हे कंपनीची भागीदार एस्टेल अॅक्स्टन पाहत असे, आणि त्यातलीच काही मुले पुढे मागच्या खोलीत वाजवू लागली. बाहेर शहरात वर्णभेदाचे कायदे होते आणि आत गोरे व कृष्णवर्णीय वादक एकाच मेळात रोज बसत होते. हे संगीत वेगवेगळ्या घरांतून एकमेकांना फायली पाठवून झाले असते का? जे लोक एकमेकांच्या घरी जाऊच शकत नव्हते, त्यांना भेटायला कोणाचेच घर नसलेली जागा हवी होती.

आता सर्वांत जड आक्षेप. ज्या स्टुडिओंचे आपण गोडवे गातो, त्यांनी कलावंतांना लुबाडले, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावे आहेत. मोटाउनच्या ज्या वादकांनी असंख्य गाणी उभी केली, त्यांची नावे १९७१ पर्यंत वेष्टनावर छापली गेली नव्हती. वादकाला सत्राचे पैसे देऊन वाटेला लावायचे आणि गाणे आयुष्यभर विकत राहायचे, हा अनेक ठिकाणचा रिवाज होता. याचे समर्थन मी करणार नाही. मात्र ही लूट ज्या कागदावर झाली तो कागद मुद्रणाचे हक्क मिळवणाऱ्या कंपनीचा होता, आणि स्टुडिओ व कंपनी एकाच छपराखाली असल्याने आपण दोन्ही एकच समजत आलो. स्टॅक्स स्वतःच या कागदाचा बळी ठरली. १९६७ मध्ये तिची वितरक अटलांटिक कंपनी विकली गेली, तेव्हा तोवरच्या वितरित मुद्रणांची मालकी करारानुसार अटलांटिककडे असल्याचे उघड झाले. स्वतःच्या खोलीत झालेले स्वतःचे संगीत स्टॅक्सच्या हातून गेले. याउलट शिकागोचा ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी याने १९९७ मध्ये उघडलेला स्वतंत्र स्टुडिओ पाहा. ज्यांचे काम तो करत असे त्यांच्या विक्रीतला वाटा घेणे त्याला अनैतिक वाटे. नळाचे काम करणाऱ्याला जसे कामाचे पैसे मिळतात तसेच आपल्याला मिळावेत, अशी त्याची भूमिका होती आणि ती त्याने निर्वाणा या त्या वेळच्या अतिप्रसिद्ध मेळालाही पत्राने कळवली होती. २०२४ मध्ये तो वारला, पण स्टुडिओ सुरू आहे. गाण्याच्या मालकीवर हात न ठेवता, दिलेल्या वेळेचे आणि कौशल्याचे पैसे घेणारी जागा म्हणजेच स्वतंत्र स्टुडिओ. कलावंताला मोठ्या कंपनीच्या करारापासून वाचवण्याचा तो एक मार्ग आहे. लुटीचा राग त्याच्यावर काढणे म्हणजे सावकारावर रागावून दवाखाना बंद करणे होय.

बाजार ज्याला पोसत नाही ते आपोआप संपावे, घोडागाडीसाठी आपण रडतो का, असेही विचारले जाते. घोडागाडीच्या जागी मोटार आली, कारण मोटार तेच काम अधिक चांगले करते. एकत्र बसवण्याचे आणि ऐकण्याचे काम अधिक चांगले करणारे काही आले असते, तर मीही हा लेख लिहिला नसता. प्रत्यक्षात स्टुडिओ हरतो तो जमिनीच्या भावापुढे. न्यूयॉर्कचा हिट फॅक्टरी २००५ मध्ये बंद झाला आणि त्या इमारतीत राहण्याचे फ्लॅट झाले. लंडनचा ऑलिंपिक २००९ मध्ये बंद झाला आणि नंतर तिथे चित्रपटगृह आले. संगीतासाठी शांतता लागते, शांततेसाठी जाड भिंती आणि मोकळी जागा लागते, आणि प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब मागणाऱ्या शहरात शांतता हे सर्वांत महागडे उत्पादन ठरते. शिवाय स्टुडिओतून जे निघते त्याचे मोल त्याच्या गल्ल्यात येत नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात फिलिप्सला पैशाची निकड होती, म्हणून त्याने प्रेस्लीचा करार पस्तीस हजार डॉलरना आरसीए कंपनीला विकून टाकला. पुढच्या दोन दशकांतली कमाई दुसऱ्यांनी केली. असा व्यवहार बाजाराच्या नियमाने बरोबर असेलही, पण ज्याच्या उपयोगाचा मोठा भाग त्याच्या गल्ल्याबाहेरच राहतो, अशा गोष्टीचे मोल केवळ ताळेबंदावरून ठरवणे कितपत शहाणपणाचे आहे? ग्रंथालयाला आपण हा नियम लावत नाही.

सार्वजनिक पैशातून चाललेले स्टुडिओ जगाला नवे नाहीत. १९५१ मध्ये कोलोनच्या रेडिओत आणि १९५७ मध्ये वॉर्सात इलेक्ट्रॉनिक संगीताचे स्टुडिओ निघाले. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य, बसवून असाच स्टुडिओ सुरू झाला, आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, अतुल देसाई अशा मंडळींनी तिथे काम केले. तो थोडीच वर्षे चालला. त्या टेप संस्थेच्या संग्रहात चार दशकांहून अधिक काळ पडून होत्या आणि त्यांतले निवडक संगीत २०२३ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा कुठे या देशात तेव्हा असे काही घडले होते हे अनेकांना कळले. त्या टेप टिकल्या, कारण त्यांच्यामागे एक संस्था आणि एक कपाट होते. स्वतंत्र स्टुडिओ बंद होतो तेव्हा ते कपाट रिकामे करायला सहसा दोनच दिवस मिळतात. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या कित्येक टेपवरचा बंधक पदार्थ हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, आणि मंद आचेवर तासन्तास शेकल्यावरच त्या काही काळापुरत्या वाजतात. हे न कळणाऱ्याच्या हाती पडलेली टेप एका फेरीतच संपते. संगणकावरच्या फायलींचे तर याहून वाईट होते: दहा वर्षांनी सत्राची फाईल उघडावी, तर ज्या प्लगइनने, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरने, आवाज घडवला होता ते आता कुठल्याच यंत्रावर चालत नसते. कोणती फाईल शेवटची, कोणता टेक, म्हणजे कोणत्या वेळचे मुद्रण, ठेवायचा ठरला होता, हे ज्याच्या डोक्यात असते तो रेकॉर्डिस्टही तोवर दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो. आणि त्याच्या शेजारी बसून, केबली गुंडाळत आणि माइक हलवत ज्याचा कान तयार झाला असता, तो शिकाऊ मुलगा तर आलेलाच नसतो.

म्हणून सरकारने किंवा नगरपालिकेने स्टुडिओंना यंत्रखरेदीसाठी अनुदान द्यावे, अशी मागणी मी करणार नाही, कारण यंत्र हा प्रश्नच नाही आणि अशी यंत्रे पाच वर्षांत जुनी होतात. संरक्षण जागेला आणि तिच्या वापराला हवे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेच्या धोरणात एक साधे तत्त्व आणले: संगीताच्या जागेशेजारी नवे घर बांधायचे असेल, तर आवाज अडवण्याचा खर्च नंतर येणाऱ्याने करावा. ते मुख्यतः कार्यक्रमांच्या जागांसाठी आहे, पण स्टुडिओला ते उलट्या दिशेने तितकेच लागू पडते, कारण शेजारच्या बांधकामाचा हादरा आणि तळघरातल्या पंपाचा घुमारा त्याच्या भिंतीतून आत येतो. भाडेकराराची मुदत लांब असावी, आणि स्टुडिओ बंद होताना त्याच्या टेपा व फायली कलावंतांची मालकी अबाधित ठेवून एखाद्या सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची सोय असावी, एवढेही पुरे. इमारतीला वारसा म्हणून जपणे चांगलेच आहे. लंडनच्या अॅबी रोडला २०१० मध्ये, विक्रीच्या चर्चेनंतर, तसे संरक्षण मिळाले. परंतु दर्शनी भिंत जपली आणि आतला वापर बदलला, तर हाती काय उरते?

स्टॅक्सची कंपनी १९७५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली. ते जुने चित्रपटगृह काही वर्षे रिकामे पडून होते आणि १९८९ मध्ये ते पाडण्यात आले. २००३ मध्ये त्याच जागेवर संग्रहालय उभे राहिले, तेव्हा मूळ इमारतीची प्रतिकृती बांधण्यात आली आणि तिच्या आत स्टुडिओची जमीन, मूळच्यासारखी, मुद्दाम उतरती करण्यात आली.